संत्री, मोसंबी, लिंबू: क जीवनसत्त्व झाडावर वाढवायचं कसं आणि पेल्यापर्यंत टिकवायचं कसं

एकाच बागेतली, एकाच दिवशी तोडलेली दोन संत्री घ्या. एक झाडाच्या बाहेरच्या घेरावर, उन्हात वाढलेलं; दुसरं आत, फांद्यांच्या गर्दीत. दोन्हींची चव जवळपास सारखी लागेल, पण क जीवनसत्त्व बाहेरच्या फळात जास्त असेल. फळ उन्हाकडे तोंड करून लटकलेलं असेल तर त्याच फळाच्या दोन बाजूंतही फरक सापडतो. म्हणून "संत्र्यात क जीवनसत्त्व किती?" याला एकच आकडा सांगून भागत नाही. नागपुरी संत्र्याच्या वर्गातल्या फळांत १०० ग्रॅम गराला साधारण २५ ते ४५ मिलिग्रॅम, मोसंबी आणि माल्टा वर्गात ४० ते ६०, लिंबाच्या रसात २५ ते ५०, असे पट्टे मिळतात. आपलं फळ या पट्ट्याच्या वरच्या टोकाला बसेल की खालच्या, हे बऱ्याच अंशी बागेत ठरतं. तोडल्यानंतर ते वाढत नाही, फक्त घटतं. किती वेगानं घटेल ते साठवण आणि स्वयंपाकघर ठरवतं.

गरज किती, तेही आधी पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं, गरोदरपणी ८० आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ११५. मध्यम आकाराच्या संत्र्यात खाण्याजोगा गर १०० ग्रॅमच्या आसपास निघतो. म्हणजे रोजची दोन संत्री गरजेच्या बरीच जवळ नेतात. पोह्यांवर पिळलेलं अर्धं लिंबू मात्र नेत नाही: कागदी लिंबाच्या अर्ध्या फोडीतून सात-आठ मिलिलिटर रस पडतो आणि त्यात तीन-चार मिलिग्रॅमच क जीवनसत्त्व असतं. ते लिंबू पिळायचंच, कारण पोह्यांतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. पण "लिंबू रोज खातो, क जीवनसत्त्व मिळतं" या हिशेबावर विसंबू नये.

दोन समज सोडून द्यावेत. आंबट म्हणजे क जीवनसत्त्व जास्त, हा पहिला. आंबटपणा सायट्रिक आम्लाचा असतो. अजिबात आंबट न लागणारी मोसंबी या बाबतीत लिंबाच्या मागे नाही, उलट बहुतेक वेळा पुढेच असते. दुसरा समज रंगाचा. केशरी रंग कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा असतो, आणि रात्री थंड पडल्या की तो छान उतरतो. क जीवनसत्त्वाला स्वतःचा रंगच नाही. हिरवट सालीचं संत्रं या कारणासाठी नाकारायची गरज नाही.

बागेत: ऊन आत पोचलं पाहिजे

झाड क जीवनसत्त्व साखरेपासून बनवतं आणि साखर उन्हात तयार होते. बागाईतदाराच्या हातातला सर्वांत स्वस्त उपाय त्यामुळे कात्री आणि करवत हाच आहे. खताच्या पिशव्यांआधी झाडाचा घेर पाहा. भर दुपारी बारा वाजता झाडाखाली उभं राहा. जमिनीवर कवडसे पडलेले दिसले तर उजेड आत पोचतोय. काळी, सलग सावली असेल तर आतली फळं अंधारात वाढताहेत.

छाटणी फळं उतरल्यानंतर करा. आधी सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या. त्या वाळलेल्या भागापाशी न कापता खाली साधारण २ सेंटिमीटर हिरवा भाग घेऊन कापा, नाहीतर रोग जिवंत लाकडात राहून जातो आणि मर पुढे सरकते. मग पाणसोट: बुंध्यातून किंवा जाड फांद्यांतून सरळ वर जाणारे, जाड, लांब पेरांचे, रुंद पानांचे फुटवे. ते फळ देत नाहीत, पाणी आणि नत्र ओढतात, वर झाडाच्या मधोमध छत्री उघडतात. कोवळे असताना हातानं मोडले तर जखम लहान राहते. एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांतली एक काढा. अंगठ्यापेक्षा जाड कापावर बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना निरनिराळ्या भांड्यांत भिजवून मगच एकत्र करायचे, आणि मोरचुदासाठी लोखंडी बादली वापरायची नाही.

चूक होते ती उत्साहाच्या भरात. पश्चिमेकडची बाजू एकदम उघडी केली तर उन्हाळ्याच्या चटक्यानं फळांची साल करपते आणि फांद्यांची सालही फाटते. जुनी दाट बाग एका हंगामात मोकळी करायला जाऊ नका, दोन-तीन वर्षांत विभागून करा. कोळशी पडलेली बागही अंधारलेलीच समजा. पानावरचा काळा थर ऊन अडवतो. तो धुण्याच्या मागे न लागता काळी माशी आटोक्यात आणा, कारण काजळी तिच्याच चिकट स्रावावर वाढते.

नत्र, पालाश आणि पाणी

नत्राची मात्रा वाढली की फळातलं क जीवनसत्त्व घटतं. पालाश, म्हणजे पोटॅशिअम, वाढला की वाढतं. लिंबूवर्गीय फळांवरच्या अनेक देशांतल्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जास्त नत्रानं पाला माजतो, सावली वाढते, फळ फुगतं आणि रस पातळ होतो. बाजार मोठ्या फळाला भाव देतो, त्यामुळे युरियाचा हात सैल सुटतो, हे खरं आहे. पण माजलेल्या झाडाचं फळ टिकतही कमी, हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असतं.

मात्रा शेजाऱ्याची पाहून ठरवू नका, पान तपासून ठरवा. नागपुरी संत्र्यासाठी नमुना असा घ्यावा: फळ नसलेल्या फांदीच्या टोकाकडून दुसरं, तिसरं किंवा चौथं पान, वय ६ ते ८ महिने, जमिनीपासून दीड ते पावणेदोन मीटर उंचीवरून, झाडाच्या चारही बाजूंनी. फवारणी नुकतीच झाली असेल तर थांबा, नाहीतर जस्ताचा आकडा फवाऱ्याचाच येईल. मातीचा नमुना बरोबर द्या. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनं नागपुरी संत्र्याच्या पानांसाठी ठरवलेली अन्नद्रव्यांची प्रमाणं आहेत, अहवाल त्यांच्याशी ताडून घ्यावा.

नत्राचे हप्ते फळ फुगण्याच्या काळातच संपवा. फळ रंगावर यायला लागलं की युरिया बंद. त्या वेळी पालाश द्यायचा असेल तर पोटॅशिअम नायट्रेटपेक्षा, म्हणजे १३:०:४५ पेक्षा, ०:०:५०, म्हणजे पोटॅशिअम सल्फेट, बरं, कारण पहिल्यात १३ टक्के नत्र आहेच. फवारणी १ टक्क्याची, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. ठिबकमधून देताना ०:०:५० आणि कॅल्शिअम नायट्रेट एका टाकीत कधीही कालवू नका. जिप्समचा साका बसतो आणि ड्रिपर चोंदतात.

पालाशही हात राखूनच. अति झाला तर साल जाड होते, रस कमी भरतो, आणि मुळं मॅग्नेशिअम उचलेनाशी होतात. मॅग्नेशिअम कमी पडल्याची खूण जुन्या पानांवर दिसते: पान कडांकडून पिवळं पडतं, पण देठाजवळ हिरव्या रंगाचा त्रिकोण उरतो. जस्ताची कमतरता नव्या पानांवर दिसते. पानं लहान, अरुंद, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. जस्ताची उणीव भरून काढली की क जीवनसत्त्वही सुधारतं. झिंक सल्फेट लिटरला ५ ग्रॅम घ्या आणि त्यात अडीच ग्रॅम चुना मिसळा. चुना टाळला तर द्रावण आम्लधर्मी राहतं आणि कोवळी पानं भाजतात.

पाणी हा तिसरा हात. तोडणीच्या तोंडावर भरपूर पाणी दिलं की फळ वजनाला भरतं, पण रसातलं सगळंच विरळ होतं: साखर, आम्ल आणि क जीवनसत्त्वही. याचा अर्थ पाणी तोडावं असा नाही. फळ कोरडं पडल्यावर एकदम भरपूर पाणी मिळालं तर साल तडकते आणि गळ होते. ठिबकनं थोडं थोडं, रोज किंवा एक दिवसाआड, आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत वाफशाच्या आत, म्हणजे माती ओलसर राहील पण चिखल होणार नाही इतकंच. बहार धरण्यासाठी दिला जाणारा ताण हा वेगळा विषय आहे, त्याची गल्लत इथे करू नये.

खुंटाचाही, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याचाही, वाटा आहे. जंबेरी या खुंटावरची झाडं जोमदार वाढतात, फळं मोठी देतात, पण रस तुलनेनं पातळ असतो. लावलेली बाग बदलता येत नाही, नवीन कलमं घेताना मात्र रोपवाटिकेला खुंट कोणता ते विचारून घ्या. रात्री थंड असणाऱ्या भागात क जीवनसत्त्व जास्त राहतं, उष्ण रात्रींत कमी. हे हवामानाच्या हातात आहे.

तोडणी

एक गुंता इथे समजून घ्यायला हवा. कोवळ्या फळात १०० ग्रॅममागे क जीवनसत्त्व सर्वांत जास्त असतं आणि फळ पिकत जातं तसं हे प्रमाण उतरत जातं. पण फळ मोठं होत असतं, म्हणून एका फळातलं एकूण क जीवनसत्त्व वाढत असतं. हे वाचून कच्ची फळं उतरवायला जाऊ नका. लिंबूवर्गीय फळं तोडल्यावर पिकत नाहीत. आंब्यासारखी आढी घालून साखर वाढत नाही, सालीचा रंग तेवढा बदलतो. संत्रं १० ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास पोचलं आणि ब्रिक्स भागिले आम्लता हे गुणोत्तर १४ च्या घरात आलं की तोडा. त्यापुढे झाडावर ठेवून भावाची वाट पाहिली की साल गरापासून सुटते, फळ पोकळ होतं आणि क जीवनसत्त्वाचं प्रमाणही खाली जात राहतं.

तोडणी दव सुकल्यावर. ओल्या, ताठ सालीतल्या तेलाच्या पिशव्या दाबानं फुटतात आणि तिथे तपकिरी डाग पडतात. फळ ओढू नका, कात्रीनं देठ सालीलगत कापा. ओढलं तर देठाजवळ साल फाटते आणि तिथूनच सड शिरते. लांब देठ ठेवला तर तो क्रेटमध्ये शेजारच्या फळाला टोचतो.

साठवण

आम्ल रस आणि जाड साल यांमुळे ही फळं पालेभाजीच्या मानानं क जीवनसत्त्व फार चांगलं सांभाळतात. थंड आणि दमट जागा मिळाली तर आठवडेच्या आठवडे घट थोडीच राहते. शीतगृहात संत्र्यांना ५ ते ७ अंश सेल्सिअस, मोसंबीला ६ ते ८, कागदी लिंबाला ८ ते १०, आर्द्रता ८५ ते ९० टक्के. लिंबू याहून थंड ठेवलं तर सालीवर खड्डे पडतात, मग तपकिरी चट्टे येतात, आणि बाहेर काढल्यावर ते भराभर सडतं.

घरी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवा. धुऊन ओलीच पिशवीत भरली तर बुरशी लागते. धुवायची ती खाण्याआधी. उन्हाळ्यात टोपलीत ओट्यावर ठेवलेली संत्री आठ-दहा दिवसांत सुकतात. खरेदी करताना फळ हातात घेऊन वजन पाहा: आकाराच्या मानानं जड, साल घट्ट, देठाची बोंडी हिरवट. मोठ्यापेक्षा मध्यम फळ घ्या, त्यात रस घट्ट असतो.

स्वयंपाकघरात: खरं नुकसान इथे

क जीवनसत्त्व म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्ल. हवेतल्या ऑक्सिजननं त्याचं आधी डीहायड्रोअॅस्कॉर्बिक आम्ल होतं, जे शरीराला अजून उपयोगी पडतं. मग ते पुढे फुटतं आणि मागे येत नाही. हा प्रवास चार गोष्टींनी वेग घेतो: हवा, उष्णता, उजेड, आणि सर्वांत जास्त तांबं. लोखंडही, पण तांबं फार पुढे.

आपल्याकडची एक सवय इथे बरोबर आड येते. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी सकाळी कोमट करून त्यातच लिंबू पिळायचं. त्या पाण्यात तांब्याचे अंश उतरलेले असतात आणि ते क जीवनसत्त्व मोडण्याचं काम स्वतः न खपता करत राहतात. वर लिंबाचं आम्ल भांड्यातून आणखी तांबं ओढून घेतं, आणि जास्त तांबं पोटात गेलं तर मळमळ होते. तांब्याचं पाणी प्यायचं असेल तर तसंच प्या. लिंबूपाणी काचेच्या किंवा स्टीलच्या पेल्यात, साध्या पाण्यात, पिळलं की लगेच. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात लिंबाचं काहीही ठेवू नये, तेही याच कारणानं.

ब्रिटिश नौदलानं हे फार महागात शिकलं. १७४७ मध्ये सॅलिसबरी नावाच्या जहाजावर जहाजावरचे डॉक्टर जेम्स लिंड यांनी स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग) झालेल्या दोघा खलाशांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिलं आणि ते भराभर सुधारले. पण रस टिकावा म्हणून लिंड यांनीच तो तापवून आटवायची पद्धत सुचवली, आणि आटवलेल्या रसात क जीवनसत्त्व फारसं उरत नव्हतं. पुढे १८६० च्या दशकात नौदलानं भूमध्य समुद्राकडची पिवळी मोठी लिंबं सोडून वेस्ट इंडीजची हिरवी लहान लिंबं घेतली. त्यांचा रस उजेड, हवा आणि तांब्याच्या नळ्या यांतून जाई. १८७५-७६ च्या ब्रिटिश उत्तर ध्रुवीय मोहिमेत जहाजांवर रसाचा साठा असूनही स्कर्व्ही उसळला. हिरव्या लिंबाच्या रसाची ताकद पिवळ्याच्या जेमतेम पावपट आहे, हे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या प्रयोगांतून १९१८ मध्ये दिसलं. बाटलीत रस होता, आंबटही होता, पण ज्यासाठी न्यायचा ते त्यात पुरेसं नव्हतं. चवीवरून हे कधीच कळत नाही.

घरच्या रसासाठी पद्धत अशी. फळ थंड असू द्या. आडवं कापा आणि दाबून पिळा. मिक्सर फिरवला तर रसात हवा मिसळते, वर येणारा फेस तीच हवा असते. मिक्सरच वापरायचा असेल तर दोन-तीन झटक्यांत थांबा. गाळणी स्टीलची किंवा प्लॅस्टिकची घ्या. चोथा सगळा काढू नका. संत्र्याच्या फोडींवरच्या पांढऱ्या शिरा आणि सालीच्या आतला पांढरा भाग यांत वजनाच्या मानानं रसापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं, आणि रंगीत सालीत त्याहूनही जास्त. मोसंबी सोलताना पांढरा थर चाकूनं खरवडून काढण्याची सवय म्हणूनच नुकसानीची आहे. शक्य असेल तेव्हा रसाऐवजी फोडीच खा.

रस ठेवायचाच असेल तर लहान काचेची बाटली गळ्यापर्यंत भरा, घट्ट झाकण लावा, फ्रिजच्या मागच्या भागात ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. अर्धी भरलेली मोठी बाटली हा सर्वांत वाईट प्रकार, कारण आत रसाएवढीच हवा असते. लिंबं स्वस्त असताना रस बर्फाच्या साच्यात गोठवून, गोठलेले तुकडे पिशवीत हवा काढून बांधून ठेवावेत. उणे १८ अंशांवर ते महिनोन्‌महिने चांगले राहतात. वापरताना गोठलेला तुकडा थेट पाण्यात टाका.

फसफसण्यासाठी रसात खायचा सोडा घालू नका. सोड्यानं आम्ल मरतं आणि आम्लाचं संरक्षण गेलं की क जीवनसत्त्व झपाट्यानं मोडतं. बाटलीतला साधा सोडा चालतो, तो कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं पाणीच असतं. बोअरच्या पाण्याला लोखंडाचा तांबूस रंग येत असेल तर सरबताला ते पाणी नको.

शिजवताना नियम एकच: गॅस बंद केल्यावर लिंबू. वरण, पोहे, उपमा, सार, सगळ्यांत. उकळत्या सारात पिळलेल्या लिंबाची चव राहते, क जीवनसत्त्व उडत जातं. जेवणाबरोबर लिंबू किंवा संत्रं घेतलं तर डाळी-भाजीतलं लोह शोषायला मदत होते, आणि लगेच वर चहा घेतला तर चहातली टॅनिन त्यावर पाणी फिरवतात. चहा तासभर पुढे ढकला. लिंबाचं लोणचं, साखरेत आटवलेला मुरांबा, उन्हात वाळवलेली साल हे पदार्थ चवीसाठी करावेत. क जीवनसत्त्वासाठी ताजं फळ.

घरी तपासायचं असेल तर

आयोडीन आणि स्टार्च एकत्र आले की गडद निळा रंग येतो. क जीवनसत्त्व आयोडीनला खाऊन टाकतं, ते संपेपर्यंत रंग टिकत नाही. किती आयोडीन लागलं यावरून रसात किती होतं ते निघतं.

साहित्य: ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन (औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळतं ते), क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, कॉर्नफ्लोअर, सुईशिवायची १० मिलिलिटरची सिरिंज, काचेचे पेले, आणि डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी. नळाच्या पाण्यातला क्लोरीन क जीवनसत्त्व मोडतो आणि आकडा खोटा कमी येतो.

आयोडीनचं द्रावण: २० मिलिलिटर पोव्हिडोन आयोडीन, ८० मिलिलिटर पाणी. स्टार्च: एक चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून २०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात ओता, मिनिटभर उकळा आणि पूर्ण गार करा. गरम असताना निळा रंग उमटत नाही. गोळीचं द्रावण: गोळी कुटून ५०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम झालं. हे त्याच दिवशी वापरा, शिळं चालत नाही.

पहिल्या पेल्यात ५ मिलिलिटर गोळीचं द्रावण, ४५ मिलिलिटर पाणी, १ मिलिलिटर स्टार्च. पेला पांढऱ्या कागदावर ठेवा. सिरिंजनं आयोडीन थेंबाथेंबानं सोडा आणि पेला हलवत राहा. थेंब पडतो तिथे निळं होतं आणि लगेच विरतं. विरायला वेळ लागू लागला की हात सावकाश करा. रंग २० सेकंद टिकला की थांबा आणि सिरिंजमधून किती गेलं ते लिहा. सात मिलिलिटरच्या आसपास यायला हवं. मग दुसऱ्या पेल्यात १० मिलिलिटर ताजा गाळलेला रस, ४० मिलिलिटर पाणी, १ मिलिलिटर स्टार्च, आणि तीच कृती. प्रत्येक मोजणी तीनदा करून सरासरी घ्या.

हिशेब सोपा आहे: रसाला लागलेलं आयोडीन भागिले गोळीला लागलेलं आयोडीन, गुणिले ५०. उत्तर १०० मिलिलिटर रसातले मिलिग्रॅम. समजा गोळीला ७.२ आणि रसाला ४.५ मिलिलिटर लागलं, तर ३१ मिलिग्रॅम.

बाजारच्या स्क्वॅशवर ही तपासणी करू नका. टिकवण्यासाठी घातलेलं सल्फाइटही आयोडीन खातं आणि आकडा फुगतो. तपासलेला रस ओतून द्या, पिऊ नका. बागेतली तुलना करायची असेल, उदाहरणार्थ बाहेरच्या घेरावरची फळं आणि आतली फळं, तर दोन्हींकडची किमान दहा-दहा फळं घेऊन रस वेगवेगळा एकत्र करा. एकेका फळावरून काढलेला निष्कर्ष फसवतो, कारण शेजारशेजारच्या फळांतच बराच फरक असतो. घरच्यासाठी सोपा प्रयोग: एकाच वेळी काढलेला रस दोन सारख्या बाटल्यांत घ्या, एक गळ्यापर्यंत भरलेली, दुसरी निम्मी, दोन्ही फ्रिजमध्ये. काढल्याबरोबर एक मोजणी, तीन दिवसांनी दोन्ही बाटल्यांची. आयोडीनचं द्रावण तीन दिवसांत थोडं उतरतं, म्हणून त्या दिवशी गोळीची मोजणीही नव्यानं करा.